सॉफ्टवेअर मुरलंय का? ओपन सोर्स निवडण्याआधी वापरणाऱ्यांकडून काढायची माहिती

ओपन सोर्स सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही बघता आणि बदलता येतो ते, फुकट मिळतं, म्हणून ते घेताना आपण विकतच्या वस्तूइतकी चौकशी करत नाही. पैसे जाणार नाहीत, मग बिघडलं कुठे, असा हिशेब असतो. बिघडतं ते दोन वर्षांनी. तोवर ग्रंथालयाच्या दहा हजार पुस्तकांच्या नोंदी त्यात भरून झालेल्या असतात, देवघेवीच्या टेबलावर बसणाऱ्यांच्या हाताला ते वळण पडलेलं असतं, आणि तेव्हा कळतं की ते बनवणारा एकुलता एक माणूस केव्हाच दुसऱ्या कामाला लागलाय.

हा लेख सॉफ्टवेअर बसवण्याआधीच्या चार-पाच दिवसांबद्दल आहे. कोड वाचता यायची गरज नाही. कामापुरतं इंग्रजी, अनोळखी माणसाला फोन करायची तयारी आणि एक वही, एवढ्यावर भागतं.

बोलायला एक ठोस उदाहरण हवं, म्हणून मी कोहा धरतो. हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ नावाच्या ग्रामीण भागातल्या ग्रंथालयाची जुनी संगणक व्यवस्था सन २००० उजाडल्यावर चालणार नव्हती, म्हणून त्यांनी १९९९ मध्ये एका छोट्या कंपनीकडून नवी लिहून घेतली आणि जानेवारी २००० मध्ये ती सुरू केली. मग ती सगळ्यांसाठी खुली केली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. पुढे ती भेट जगभर पोचली. कोहावाल्यांचं २०११ चं जागतिक संमेलन ठाण्यात भरलं होतं, आणि आपल्याकडच्या बऱ्याच महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत आज कोहा चालतं. तुम्हाला हिशेबाचं किंवा शाळेचं सॉफ्टवेअर निवडायचं असेल तरी पायऱ्या याच.

एक शब्द आधी ठरवून घेऊ. इंग्रजीत ज्याला मॅच्युरिटी म्हणतात, त्याला पुस्तकी मराठीत परिपक्वता म्हणतात. मी 'मुरणं' म्हणतो. लोणचं मुरायला नुसता काळ पुरत नाही. फोडींना मीठ लागावं लागतं, बरणी अधूनमधून हलवावी लागते. सॉफ्टवेअरला लागणारं मीठ म्हणजे वापरणाऱ्यांच्या तक्रारी. वर्षं किती झाली आणि माणसं किती, हे विचारा जरूर; पण शेवटी बघायचं ते एकच: वापरणाऱ्याने तक्रार केली, तर पुढे तिचं काय होतं?

पायरी १: आधी आपलं काम लिहून काढा

वहीच्या पहिल्या पानावर सॉफ्टवेअरने करायचीच अशी कामं लिहा. सात-आठ पुरेत. दाखल नोंदवही छापून मिळावी, बारकोडवर देवघेव व्हावी, मराठी नावाने पुस्तक सापडावं, वार्षिक पडताळणीत हरवलेल्या पुस्तकांची यादी निघावी, अशी. 'आधुनिक असावं' वगैरे लिहू नका. ते तपासता येत नाही.

हे पान नसेल तर पुढची सगळी चौकशी गप्पांवर जाते. लोक काय छान म्हणतात ते ऐकत बसतो आपण, आणि ते नेमकं आपल्या कामाचं नसतं.

पायरी २: आकडे वाचायला शिका

प्रत्येक सॉफ्टवेअर आपली लोकप्रियता कुठेतरी आकड्यात मांडतं. ते आकडे सहसा खोटे नसतात. आपण त्यांना विचारतो तो प्रश्न चुकतो.

गिटहब या कोड उघड्यावर ठेवायच्या संकेतस्थळावरचे तारे घ्या. तारा देणं म्हणजे पुस्तकाच्या पानाचा कोपरा दुमडून ठेवणं. दुमडणाऱ्याने पुस्तक वाचलंच असेल असं नाही. शिवाय हे तारे विकतही मिळतात. डाउनलोडचा आकडा त्याहून फसवा. प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या जगात रोज हजारो यंत्रं आपोआप तीच फाइल पुन्हा पुन्हा उतरवत असतात, आणि मोजणी त्या प्रत्येक वेळेची होते. मग वीस लाख डाउनलोडमागे माणसं किती, ते कोणालाच सांगता येत नाही.

वर्डप्रेस या संकेतस्थळं बनवायच्या सॉफ्टवेअरच्या प्लगइनवर, म्हणजे त्याला जोडायच्या पुरवण्यांवर, 'सक्रिय स्थापना' असा आकडा दिसतो. तो जरा बरा, कारण उतरवून विसरून गेलेले त्यात येत नाहीत. डेबियन हे लिनक्सचं (विंडोजच्या जागी चालणाऱ्या खुल्या प्रणालीचं) एक वितरण, म्हणजे तयार संच; त्यात कोणतं पॅकेज किती यंत्रांवर आहे हे मोजणारी व्यवस्था आहे, आणि कोहातही ग्रंथालयांनी आपली वापराची माहिती मध्यवर्ती ठिकाणी कळवायची सोय आहे. दोन्ही ठिकाणी ते ऐच्छिक. त्यामुळे हे आकडे प्रत्यक्षाहून नेहमी कमी असतात. पण कमी असलेला प्रामाणिक आकडा फुगलेल्या आकड्यापेक्षा कामाचा. तो वर्षभरात वाढतोय की उतरतोय, एवढं त्यावरून कळतं, आणि आपल्याला तेवढंच हवं असतं.

आकडा मोठा आणि प्रकृती नरम, याचं सगळ्यात बोलकं उदाहरण ओपनऑफिस या एमएस ऑफिससारख्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरचं. २०१० च्या सप्टेंबरात ओपनऑफिसवर काम करणाऱ्यांतला मोठा गट बाहेर पडला आणि त्यांनी त्याच कोडवरून लिबरऑफिस सुरू केलं. मूळ नाव पुढे अपाची फाउंडेशन या ओपन सोर्स प्रकल्प सांभाळणाऱ्या संस्थेकडे गेलं. नाव ओळखीचं, म्हणून लोक ओपनऑफिसच शोधत आणि उतरवत राहिले, अगदी कोट्यवधींच्या संख्येने. दरम्यान आत काय चाललं होतं? एप्रिल २०१४ मध्ये ४.१ ही आवृत्ती आली आणि त्यानंतर वर्षानुवर्षं ४.१ च्याच पोटातल्या किरकोळ दुरुस्त्या येत राहिल्या. २०१५ च्या एप्रिलमध्ये त्यात सुरक्षेची एक खोट जाहीर झाली. ती बुजवलेली ४.१.२ आवृत्ती यायला ऑक्टोबर उजाडला. मधल्या सहा महिन्यांत वापरणाऱ्यांसाठी सल्ला होता, की अमुक एक फाइल हाताने काढून टाका. लिबरऑफिसची नवी आवृत्ती या काळात दर सहा महिन्यांनी येत होती. डाउनलोडच्या आकड्यावरून यातलं काहीही दिसलं नसतं.

म्हणून आकड्यांवर अर्ध्या तासापेक्षा जास्त घालवू नका.

पायरी ३: आपल्यासारखं कोण वापरतं ते शोधा, आणि फोन करा

मुलाची चौकशी करायची तर आपण त्याच्या घरी विचारत नाही. शेजारी, नोकरीच्या ठिकाणी, जमलं तर गावातल्या वाण्याकडे विचारतो. इथेही तेच.

बरीच वर्षं झाली, एका सॉफ्टवेअरची सेवा देणाऱ्या मंडळींनी आमच्या ओळखीच्या ग्रंथालयाला वापरणाऱ्यांची भलीमोठी यादी दिली होती. मी त्यातल्या पाच ठिकाणी फोन लावले. दोघांनी ते केव्हाच बंद केलं होतं. एकाकडे संगणकावर होतं, पण नोंदी वहीतच चालल्या होत्या. चौथे ग्रंथपाल निवृत्त झाले होते आणि त्यांच्या जागी आलेल्या बाईंना ते उघडायचं कसं हेच कोणी सांगितलं नव्हतं. पाचव्या ठिकाणी मात्र झकास चाललं होतं, कारण तिथल्या एका शिपायाला संगणकाची विलक्षण आवड होती. यादीतली पाचही नावं खरी होती!

तेव्हा नावं मोजू नका, सारखेपणा बघा. तुमचं तालुक्याचं 'ब' वर्गाचं वाचनालय असेल तर परदेशातल्या विद्यापीठाने कोहा घेतलं या बातमीचा तुम्हाला फार उपयोग नाही. त्यांच्याकडे त्यासाठी पगारी माणसं असतात. तुमच्याएवढी पुस्तकं, तुमच्याएवढी माणसं आणि तुमच्यासारखीच वीज-इंटरनेटची तऱ्हा असलेली तीन ठिकाणं शोधा. जिल्हा ग्रंथालय संघात किंवा ग्रंथपालांच्या व्हॉट्सॲप गटात विचारलं की दोन दिवसांत नावं मिळतात.

फोनवर 'कसं आहे?' असं विचारलं तर 'चांगलं आहे' असंच उत्तर येतं. आपल्याकडे कोणी स्वतःच्या निवडीला नावं ठेवत नाही. त्याऐवजी असं विचारा:

- शेवटचं अपडेट कधी केलं, आणि कोणी केलं?
- गेल्या सहा महिन्यांत काम अडलं होतं का? किती वेळ? शेवटी सुटलं कसं?
- अजूनही कोणतं काम वहीत किंवा एक्सेलमध्ये करावं लागतं?
- बॅकअप कुठे असतो? तो परत लावून पाहिलाय का कधी?
- ज्यांनी बसवून दिलं ते उद्या मिळाले नाहीत, तर कोणाला विचाराल?

यातला तिसरा प्रश्न माझा आवडता. सॉफ्टवेअर जिथे कमी पडतं तिथे माणूस गुपचूप वही काढतो, आणि त्याला ती तक्रार वाटतच नाही. ती कुठे नोंदलीही जात नाही. फोनवरच कळते.

सोडून गेलेलेही शोधा. त्यांच्याकडची माहिती सोन्यासारखी असते, पण ती पारखून घ्यावी लागते. जर्मनीतल्या म्युनिक शहराच्या पालिकेने जवळपास १५,००० संगणक लिनक्सवर नेले, ते काम २०१३ मध्ये पूर्ण झाल्याचं जाहीर केलं, आणि २०१७ मध्ये नगरसभेने पुन्हा विंडोजकडे जायचं ठरवलं. यावरून लिनक्स कच्चं ठरत नाही. त्यात राजकारण होतं, खात्याखात्यांतला विस्कळीतपणा होता, बाहेरून येणाऱ्या फाइलींचा त्रास होता. सोडणाऱ्याला म्हणून एकच विचारा: सॉफ्टवेअरने दगा दिला, की आपल्या घरातली घडी बसली नाही? दुसरं उत्तर आलं, तर तुमची घडी तपासा.

पायरी ४: पंचवीस तक्रारी वाचा

चार दिवसांतला सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

बहुतेक ओपन सोर्स प्रकल्पांत तक्रारी उघड्यावर नोंदवल्या जातात. या नोंदवहीला बग ट्रॅकर म्हणतात. कोहासाठी बगझिला आहे, कित्येक प्रकल्प गिटहब किंवा गिटलॅबवरच इश्यू म्हणून नोंदी ठेवतात. विकतच्या सॉफ्टवेअरची अशी वही तुम्हाला कोणी दाखवणार नाही. इथे ती उघडी पडलेली असते आणि तरी नव्याने येणारे तिच्याकडे फिरकत नाहीत, कारण पहिल्यांदा उघडल्यावर हजारो न सुटलेल्या तक्रारी दिसतात आणि छातीत धस्स होतं.

घाबरू नका. भरपूर वापर असलेल्या कोणत्याही सॉफ्टवेअरकडे न सुटलेल्या तक्रारींचा ढीग असतोच. उलट एकही तक्रार शिल्लक नसेल तर संशय घ्या. एक तर कोणी वापरत नाही, किंवा वापरणाऱ्यांनी सांगणं सोडून दिलंय.

शितावरून भाताची परीक्षा करायची. अलीकडच्या दहा नोंदी घ्या, वर्षभरापूर्वीच्या दहा घ्या, आणि सगळ्यात जास्त चर्चा झालेल्या पाच. शक्यतो तुमच्या पहिल्या पानावरच्या कामांशी संबंध असलेल्या. वहीत चार रकाने आखा: तक्रार कधी आली, पहिलं उत्तर कधी आलं, उत्तर कोणी दिलं, शेवट काय झाला.

उत्तर लवकर येणं महत्त्वाचं, पण उत्तर म्हणजे दुरुस्ती असं नव्हे. 'कोणती आवृत्ती वापरताय? कोणती कळ दाबल्यावर असं होतं?' एवढं विचारणारं कोणी तिसऱ्या दिवशी आलं, तरी घरात माणसं आहेत हे कळतं. वर्षभरापूर्वीच्या दहांपैकी सहा-सात नोंदींना कोणी हातच लावला नसेल, तर पुढचं वाचायची गरज नाही.

उत्तर कोण देतं याकडे बारीक लक्ष द्या. पंचवीसही नोंदींत एकच नाव दिसलं तर तो माणूस कितीही कष्टाळू असो, वहीत लाल खूण करा. तक्रार करणाऱ्याला दुसरा वापरणारा उत्तर देतोय, 'आमच्याकडेही हे व्हायचं, असं करून बघा' असं सांगतोय, तर फार चांगलं. ज्ञान एका डोक्यातून बाहेर पडून पसरलंय.

आता शेवटाचा रकाना. 'दुरुस्त केलं' हे आपल्याला कळतं. 'ही तक्रार आधीच नोंदलेली आहे' हेही ठीक. 'आम्ही हे करणार नाही' असं लिहिलेलं दिसलं की नवखे नाराज होतात. पण कारण देऊन दिलेला नकार हे मुरल्याचं लक्षण आहे. काय करायचं नाही हे त्यांना ठरवता येतं. वाईट शेवट वेगळाच असतो. अमुक दिवस कोणी बोललं नाही म्हणून यंत्राने आपोआप तक्रार बंद करून टाकलेली, आणि खाली चार माणसं लिहितायत की अडचण अजून आहे. असे शेवट जास्त दिसले तर शिल्लक तक्रारींच्या कमी आकड्यावर विश्वास ठेवू नका.

रकान्यांत न मावणारी आणखी एक गोष्ट आहे, आणि माझ्या मते ती सगळ्यात जास्त सांगते: तक्रारीची जात. कोवळ्या सॉफ्टवेअरच्या तक्रारी 'बसतच नाही', 'नोंद साठवली आणि गायब झाली', 'छपाई होत नाही' अशा असतात. मुरलेल्या सॉफ्टवेअरच्या तक्रारी अवघड आणि बारीक होत जातात. पुस्तक परत करायची तारीख सुट्टीच्या दिवशी आली, शाखेची सुट्टी मुख्य ग्रंथालयापेक्षा वेगळी आहे, आणि त्या पुस्तकावर दुसऱ्याने आरक्षण टाकलंय, तर दंड कोणत्या दिवसापासून धरायचा? अशी तक्रार वाचली की मला बरं वाटतं. साधी कामं केव्हाच बिनबोभाट चालू झालीयत आणि लोक आता कोपऱ्याकोपऱ्यांत पोचलेत, असा तिचा अर्थ. वर्षभरापूर्वीच्या दहा आणि आत्ताच्या दहा तक्रारी शेजारी ठेवून वाचा. जात बदलली असेल तर सॉफ्टवेअर मुरतंय.

कोहाची पद्धत इथे मुद्दाम सांगतो. कोणी दुरुस्ती लिहिली की ती लगेच आत जात नाही. लिहिणाऱ्याने ती तपासायची कशी याच्या पायऱ्या सोबत द्यायच्या. मग दुसऱ्या कोणीतरी त्या पायऱ्या करून बघून 'मी पाहिलं, चालतं' अशी सही करायची. त्यानंतर गुणवत्ता तपासणारा गट बघतो, आणि त्या आवृत्तीचा प्रमुख ती आत घेतो. सही करणारा प्रोग्रामर असलाच पाहिजे असं नाही. तात्पुरतं कोहा ब्राउझरमध्ये उघडून मिळायची सोय आहे, त्यामुळे कोड न लिहिणारे ग्रंथपालही सही करतात. बगझिलामध्ये 'सही हवी', 'सही झाली', 'तपासणीत उत्तीर्ण' असे टप्पे प्रत्येक नोंदीवर दिसतात. वापरणाऱ्याच्या शब्दाला कार्यपद्धतीतच जागा असलेलं हे उदाहरण म्हणून बघा, आणि तुम्ही निवडताय त्या सॉफ्टवेअरमध्ये असं काही आहे का ते शोधा.

एक गमतीचं. ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये वस्तू निवडायला वर्षानुवर्षं माऊसचं उजवं बटण दाबावं लागे. सगळं जग डावं दाबतं! नवखे कुरकुरत, जुने म्हणत सवय होते. जुलै २०१९ च्या २.८० आवृत्तीत अखेर डावं बटण नेहमीचं झालं, आणि जुन्यांसाठी उजव्याची सोय तशीच ठेवली. नव्यांचं ऐकताना जुन्यांचे हात मोडायचे नाहीत, हे ज्यांना जमतं त्यांच्याकडे डोळे मिटून जावं. बरं, अर्धे मिटून.

पायरी ५: ओरडणारे कोण, तेही बघा

वापरणाऱ्यांचा आवाज महत्त्वाचा हे खरं. पण तो आवाज नकलीही असू शकतो.

एक्सझेड हे फाइल दाबून लहान करणारं साधं सॉफ्टवेअर, जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असणारं. सांभाळणारा एकच माणूस, तोही बिनपगारी, फावल्या वेळात. २०२२ मध्ये त्याच्यामागे काही अनोळखी नावांनी लकडा लावला: दुरुस्त्या वेळेवर येत नाहीत, काम दुसऱ्याकडे द्या. त्याच सुमारास एक मदतनीस तत्परतेने हजर होता. हळूहळू त्याच्या हाती किल्ल्या आल्या, आणि २०२४ च्या सुरुवातीला आलेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत त्याने चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एका यंत्रावर लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. त्याने ते सोडून दिलं नाही, खोदत गेला, आणि २९ मार्च २०२४ ला सगळं उघडकीला आणलं. तोवर ती आवृत्ती लिनक्सच्या मोठ्या वितरणांच्या चाचणीच्या फळीपर्यंतच पोचली होती, स्थिर आवृत्त्यांत शिरली नव्हती.

तक्रार करणारे ते आवाज एरवी कुठेच दिसले नव्हते. पुढेही दिसले नाहीत.

नवख्याने यातून तपासायच्या गोष्टी दोन. एखाद्या नोंदीवर गिल्ला करणाऱ्यांची नावं दाबून बघा. त्यांनी आणखी कुठे काही लिहिलंय का, ते खरंच वापरतायत असं बोलण्यावरून वाटतं का? खरा वापरणारा आपली आवृत्ती सांगतो, पडद्याचं चित्र टाकतो, आपलं काम कुठे अडलं ते सांगतो. कौतुकालाही हीच कसोटी. 'अप्रतिम सॉफ्टवेअर' असे पन्नास अभिप्राय एकीकडे आणि 'आम्ही चार वर्षं वापरतोय, नोंदी आयात करताना हा एक त्रास होतो, बाकी ठीक' असा एक अभिप्राय दुसरीकडे ठेवला, तर मी दुसरा घेईन. आणि दुसरी गोष्ट, ताज्यात ताजी आवृत्ती घ्यायची घाई करू नका. डेबियनसारख्या स्थिर वितरणात काय पोचलंय ते बघा. त्यांचा सावकाशपणा एरवी चिडचिड आणतो, पण त्या वेळी तोच कामी आला.

पायरी ६: किती हात आहेत

ही पायरी वापरणाऱ्यांची नाही, पण चौथीच्या पोटातून आपोआप निघते. ओपनएसएसएल घ्या. इंटरनेटवरची कुलपं बनवणारं सॉफ्टवेअर, वापर अफाट. एप्रिल २०१४ मध्ये त्यात हार्टब्लीड नावाची खोट सापडली, आणि ती दोन वर्षं आत पडून होती. मग जगाला कळलं की हे सांभाळणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि वर्षाला मिळणाऱ्या देणग्या २,००० डॉलरच्या आसपास. वापरणारे सगळे, सांभाळणारं कोणी नाही. मोठा वापर आणि मुरलेपण यांत कधी कधी एवढं अंतर असतं. त्यानंतर मदत आली, पण खोट सापडल्यावर.

गेल्या तीन आवृत्त्यांसोबत आलेल्या, काय बदललं ते सांगणाऱ्या टिपा उघडा आणि त्यात किती वेगवेगळी नावं आहेत, किती वेगवेगळ्या संस्थांतली आहेत ते मोजा. कोहाच्या टिपांत दुरुस्ती लिहिणाऱ्यांबरोबर सही करणाऱ्यांचीही नावं छापतात. कोहाची नवी आवृत्ती दर मे आणि नोव्हेंबरात येते आणि २०१६ पासून क्रमांकातच वर्ष-महिना असतो, जसा १६.०५. त्यामुळे फोनवर कोणी आवृत्तीचा क्रमांक सांगितला की त्यांनी कधीपासून अपडेट केलं नाही हे तिथल्या तिथे कळतं.

पायरी ७: मराठी घालून बघा, आणि एक तक्रार स्वतः करा

इतका वेळ दुसऱ्यांचं ऐकलं. आता दोन दिवस स्वतः.

मराठी वापरणाऱ्यांच्या तक्रारी जागतिक नोंदवहीत थोड्या असतात, त्यामुळे इथे दुसऱ्यांच्या अनुभवावर विसंबता येत नाही. इंग्रजीत मुरलेलं सॉफ्टवेअर मराठीत कच्चं असू शकतं. ही पुस्तकं घालून शोधा: नावात 'वऱ्हाडी', 'दऱ्या', 'तऱ्हा' असलेली. हा अर्धा र संगणकात दोन प्रकारे लिहिला जातो. एकात ऱ ला हलंत जोडतात, दुसऱ्यात साध्या र ला हलंत आणि पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे, आत मात्र वेगळे. नोंद करणाऱ्याने एका कीबोर्डवरून टंकलं आणि शोधणाऱ्याने मोबाइलवरून, तर पुस्तक कपाटात असून सापडणार नाही. तेच 'ॲ' चं. अ वर चंद्र देऊन लिहिलेला आणि २००८ मध्ये युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांसाठीच्या समाईक अक्षरसंचात) स्वतंत्र अक्षर म्हणून आलेला, असे दोन आहेत. दोन्ही रीतींनी नोंदवा, दोन्ही रीतींनी शोधा, निकाल वहीत लिहा.

कोहात शोधासाठी झेब्रा हे शोधयंत्र वापरत असाल तर बसवून देणाऱ्याला सांगा की अक्षरांची मांडणी आयसीयू (युनिकोडवर चालणारा अक्षरनियमांचा संच) पद्धतीची ठेवा; देवनागरीला ती लागते. मग ळ आणि क्ष ने सुरू होणारी नावं यादीत कुठे येतात ते बघा. आणि जुन्या नोंदी श्रीलिपीसारख्या युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये असतील तर त्यातल्या शंभर नोंदी बदलून आयात करून पाहिल्याशिवाय होकार देऊ नका. तिथे सॉफ्टवेअरचा दोष नसतो, पण वेळ तिथेच जातो.

या खटाटोपात काहीतरी अडेलच. ते अडलं की आधी शोधा, कोणी नोंदवलंय का. नसेल तर नोंदवा: कोणती आवृत्ती, काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, पडद्याचं चित्र. इंग्रजी मोडकं असलं तरी चालतं, मीही तसंच लिहितो. मग दोन आठवडे थांबा; हे थांबणं सुरुवातीच्या चार-पाच दिवसांत धरलेलं नाही. पंचवीस तक्रारी वाचून बांधलेला अंदाज तुमच्या एका तक्रारीवर खरा-खोटा होतो. उत्तर आलं का, कोणत्या सुरात आलं, आणखी माहिती मागितली का, हे चौथ्या पायरीच्या तक्त्यात सव्विसावी ओळ म्हणून भरा.

पायरी ८: एका पानावर निर्णय

समितीपुढे न्यायचं असेल तर एकच पान न्या. वर पहिल्या पायरीतली सात-आठ कामं आणि प्रत्येकापुढे 'चालतं', 'वळसा घालून चालतं' किंवा 'नाही'. मधे तीन फोनांचं सार, नावागावासकट आणि त्यांना विचारून. खाली सव्वीस तक्रारींचा तक्ता तीन ओळींत: किती जणांना उत्तर मिळालं, किती वेगवेगळ्या लोकांनी दिलं, तक्रारींची जात कोणती. शेवटी बाहेर पडायची वाट: नोंदी कोणत्या स्वरूपात काढून दुसरीकडे नेता येतील. ग्रंथालयाच्या बाबतीत मार्क या ग्रंथालयांच्या ठरलेल्या नोंद-स्वरूपात सगळ्या नोंदी निर्यात होतात का, ते स्वतः करून बघितलेलं असावं. मोठ्या कंपन्यांनी आणि संस्थांनी या कामासाठी लांबलचक गुणतक्ते बनवलेले आहेत, पण दोन टेबलांच्या ग्रंथालयाला ते झेपत नाहीत आणि भरणाऱ्याचा पूर्वग्रह गुणांच्या आड लपतो.

पानावर तारीख घाला, आणि पुढच्या वर्षीच्या त्याच महिन्यात पुन्हा पंधरा तक्रारी वाचायची नोंद कॅलेंडरमध्ये करा.

कोहा घेतलंत तर बसवल्यावर व्यवस्थापनाच्या पानावर वापराची माहिती कळवायची का, असा पर्याय सापडेल. आमच्या ओळखीची बरीच ग्रंथालयं तो तसाच सोडून देतात. तो चालू करा, आणि ग्रंथालयाचा प्रकार नीट भरा, कारण पुढच्या वर्षी दुसऱ्या तालुक्यातलं कोणीतरी आपल्याएवढं ग्रंथालय शोधत असेल आणि फोन तुम्हाला येईल. तोवर दाखल नोंदवहीतली कोणती कामं अजून हाताने करताय, ते लिहून ठेवा. ते तेच विचारणार आहेत.